बंद केलेलं बटण

सकाळी आई भांडी विसळत होती आणि धाकटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गळ्यावरचे वळ तिने रुमालाखाली झाकले होते. आईपासून काय झाकणार?

"ताई, तो मला शोधत आधी इथेच येईल गं," ती थोरल्या बहिणीला म्हणाली.

"म्हणून तर तुला माझ्या मैत्रिणीच्या खोलीवर पाठवतेय. फोन दे इकडे."

बायको कुठे आहे ते नवऱ्याला घरबसल्या दाखवणारं अॅप त्या फोनवर होतं. ताई ज्या कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची, तिचंच. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फुकट, म्हणून धाकटीच्या लग्नात ताईनेच हौसेने ते दोघांच्या फोनवर घातलं होतं. पूर्वी सुनेच्या पायात बेडी घालताना लोक निदान लाजत तरी. आता तीच बेडी आहेरात देतात आणि वर फोटो काढतात.

ताईने बटण बंद केलं. "झालं. आता नाही दिसायचीस त्याला."

"नक्की ना?"

"अगं, रोज बायकांना हेच तर सांगते मी!"

खरंच सांगायची. 'बंद केलं तरी ठिकाण दिसतं' अशी तक्रार आली, की 'एकदा चालू करून पुन्हा बंद करा' म्हणायचं, असं तिला शिकवलं होतं. बिघाड वरच्यांना ठाऊक होता. दुरुस्तीसाठी अॅप काही दिवस थांबवावं लागलं असतं, गिऱ्हाइकं गेली असती, म्हणून त्यांनी ते घोंगडं भिजत ठेवलं होतं. ताईनेही कधी खोदून विचारलं नाही. आपण भले नि आपलं काम भलं.

संध्याकाळी तो आईच्या घरी फिरकलाच नाही. सरळ मैत्रिणीच्या खोलीवर गेला. धाकटी तिथे एकटी होती.

पोलिसांनी त्याला नेलं. पिशवी घरी परत आली. आईने दोन्ही कपडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिली. ताईच्या डोळ्यांतून मात्र टिपूस निघेना.

ती कामावर गेली तेव्हा साहेबांनी आत बोलावून पाण्याचा ग्लास पुढे केला. "फार वाईट झालं हो. पण अॅपने थोडंच मारलं? माणूसच नासका निघाला."

"माणूस नासकाच होता, साहेब. पण त्याला पत्ता कुणी दिला?"

"हळू बोला. बाहेर काही बोलू नका. हवी तेवढी सुट्टी घ्या."

"सुट्टी नको. कोर्टात बोलावलं, तर तिथेही हेच सांगेन. मी काय सांगत आले, तेही सांगेन."

ती जागेवर येऊन बसली. फोन वाजला. पलीकडे एका बाईचा दबका आवाज, मागे मूल रडत होतं.

"मी बटण बंद केलंय. आता ह्यांना नाही ना दिसणार मी?"

साहेब दारात उभे होते.

"दिसतं," ताई मोठ्याने म्हणाली. शेजारच्या मुलींचे हात थांबले. "बंद केलं तरी दिसतं. आमच्या कंपनीला माहीत आहे. फोन तिथेच ठेवा, बाई, आणि मुलाला घेऊन निघा."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. मुलाचं रडणं जिन्यावरून खाली खाली गेलं. साहेब ओरडत होते. ते रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत ताई ऐकत राहिली, आणि मग टेबलावर डोकं टेकून रडली.