पारावर सरकून बसायची गोष्ट

आमच्या गावात बायका पारावर बसत नाहीत. का, ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या बापाला नव्हतं, त्याच्या बापालाही नसावं. राहुरीचा रस्ता या पारावरूनच जातो. खुरपणीच्या बायका रोज सकाळी टेम्पोची वाट बघत समोर उन्हात उभ्या असतात आणि आम्ही रिकामटेकडे लिंबाच्या सावलीत बसलेलो असतो.

त्या उभ्या बायकांत माझी बायकोही असते, मनकर्णा. तिचा उजवा गुडघा दिवाळीपासून सुजलाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताटकळत उभं राहू नका, नाहीतर कामच सोडावं लागेल. काम सोडायला ती तयार नव्हती. आणि ‘ये, बस इथं’ म्हणायला मी, सूर्यभान, तयार नव्हतो. चारचौघांत बायकोला असं कसं म्हणायचं?

सोमवारी मनकर्णा आली ती थेट पारावर टेकली. मागोमाग टोळीतल्या दहाजणी टेकल्या. आमच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली.

कायद्याचं बोलायचं काम आमच्यात कानिफनाथाकडं असतं. तो रिटायर तलाठी.

“वहिनी, ही काय रीत झाली?”

उत्तर दिलं सविताने. टोळीत बारावी शिकलेली तीच.

“तात्या, पार ग्रामपंचायतीच्या पैशानं बांधलाय. पाटी तुमच्या पाठीमागंच हाय. अशा जागी बाई म्हनून कुनाला अडवता येत न्हाई. संविधानात हाय, कलम पंधरा.”

“मला कलमं शिकवती व्हय?” कानिफनाथ उसळला. “कलम एकोणीस वाच! जमायचं तर शांततेनं आन् विनाशस्त्र! तुमच्या हातात काय हाय?”

अकरा हातांत अकरा खुरपी होती. “बराबर हाय, बराबर हाय,” आम्ही माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मला लढाई मारल्यासारखं वाटलं.

मनकर्णा उठली, लंगडत गेली आणि खुरपं कानिफनाथाच्या मांडीवर ठेवून आली. “घ्या भाऊजी, जमा करून घ्या.” एकेक करत बाकीच्यांनीही ठेवली. धोतर फाटू नये म्हणून कानिफनाथ श्वास रोखून बसला.

तेवढ्यात टेम्पो आला. अंगद ड्रायव्हर ओरडला, “चला, आज कानिफतात्यांचा कांदा! लई गवात माजलंय!”

बायका जागच्या हलल्या नाहीत.

“चला की,” कानिफनाथ म्हणाला.

“कशानं खुरपायचं?” मनकर्णा म्हणाली. “हत्यारं सरकारजमा हायेत.”

अंगद स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. शेवटी कानिफनाथ स्वतः उठला आणि एकेकीच्या हातात खुरपं देऊ लागला. घेईल ती टेम्पोत चढत होती.

“माजं शेवटी द्या,” मनकर्णा म्हणाली आणि माझ्याकडं वळली. “अवो, सरका जरा.”

मी सरकलो. ती माझ्या शेजारी पाय लांब करून बसली. बत्तीस वर्षांच्या संसारात गावादेखत आम्ही शेजारी बसलो होतो ते फक्त लग्नाच्या मांडवात. तिनं गुडघ्यावरून हात फिरवत ‘हुश्श’ केलं. मला भारी लाज वाटली.

“लई दुखतंय का गं?” मी हळूच विचारलं.

“रोजच दुखायचं,” ती म्हणाली. “तुमी समोरच तर बसायचा.”