आठवं जोडपं

मला हदासाला एक वाक्य सांगायचं होतं, आणि तिने ग्लासगोचं पत्र पेटीत टाकायच्या आधी सांगायचं होतं. एवढंच. बाकी वेल्स, डोंगर आणि धबधबा हे सगळं अब्राहमकाकांनी मध्ये घातलं.

काका म्हणजे हदासाचे वडील आणि माझे घरमालक. इंग्लंडात रीडिंगला त्यांच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत मी दोन वर्षं राहत होतो आणि गावातल्या बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी करत होतो. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत येत, त्यातली तुटकी मी बाजूला काढायचो. अख्खी असतील त्यांना हात लावायचा नाही, पुढे जाऊ द्यायचं. हदासा कार्डिफच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होती. सुट्टीला घरी आली की जिन्यावरून खाली यायची, माझ्यासमोरून जायची, आणि मी सवयीने तिला पुढे जाऊ द्यायचो. अशी दोन वर्षं गेली.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात ती पास झाली आणि ग्लासगोच्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलं. तिने होकाराचं पत्र लिहिलं, पाकिटावर तिकीट लावलं आणि पाकीट रेनकोटच्या खिशात ठेवलं. हे तिने मला फोनवर सांगितलं.

"अजून टाकलं नाहीये," ती म्हणाली.

फोन जिन्याखाली होता आणि दोन फुटांवर तिची आई, सिमामावशी, कांदा चिरत होत्या. मी म्हटलं, "तिकडे थंडी असते."

हे ते वाक्य नव्हतं.

काकांची अडचण वेगळी होती. त्यांनी एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस केला होता की मुलीला नोकरी लागू दे, मलिदा करीन. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत काही चांगलं झालं की या हन्नबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, बदाम आणि वर फळं. आता नोकरी लागली होती, पण नवस बोलताना गावाचं नाव सांगायचं राहून गेलं होतं.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "हन्नबीला काय, रीडिंग काय आणि ग्लासगो काय. त्याला रथ आहे."

या रथाच्या चाकांच्या खुणा अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर आहेत. मलिदा कातळापाशीच करायचा असं काकांनी मनात धरलं होतं. रीडिंगला कातळ नाही, विटा आहेत. तेव्हा हदासाने घरी पत्राने कळवलं की पेंडेरिन नावाच्या गावाजवळ एक धबधबा आहे, तिथे लागेल तेवढा कातळ आहे, आणि त्या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं.

काकांनी पत्रातला कातळ वाचला. मी धबधब्याच्या मागची जागा वाचली. तिथे काका येणार नाहीत, त्यांचे गुडघे तसे नव्हते.

बँक हॉलिडेच्या सोमवारी सकाळी काकांच्या जुन्या मॉरिसमधून आम्ही कार्डिफला हदासाला घेतलं आणि उत्तरेला निघालो. गाडी मी चालवत होतो. काका शेजारी बसले होते, मांडीवर मलिद्याचा पितळी डबा. मागच्या सीटवर हदासा, आणि तिच्या रेनकोटच्या खिशात ते पाकीट. आरशात मला पाकिटाचा कोपराच फक्त दिसत होता. मी रस्त्याकडे कमी आणि कोपऱ्याकडे जास्त बघत होतो.

धुकं होतं. रस्ता दरीतून वर चढत होता आणि दोन्ही बाजूंची गावं एका रांगेत झोपल्यासारखी पडली होती. कुठे माणूस नाही. मध्येच धुक्यातून प्रार्थनाघराची एक करडी इमारत समोर यायची, दारावर नाव कोरलेलं, आणि परत विरघळायची. काका नावं वाचत होते, सगळी आमच्या धर्मग्रंथातली.

"बेथेल," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "सालेम." मग, "होरेब. राफाएल, गाडी हळू घे. होरेब."

"बाबा, इकडे सगळीकडे असतात," हदासा म्हणाली. "चॅपलं आहेत ती. ख्रिस्ती लोकांची."

"आता असतील," काका म्हणाले.

चार मैलांनंतर एबेनेझर आल्यावर त्यांनी डबा घट्ट धरला. "आपल्या पूर्वजांची बोट फुटली तेव्हा नवगावच्या किनाऱ्याला किती जोडपी लागली?"

"सात," मी म्हटलं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

"सात लागली, ती मोजली. न लागलेली कुणी मोजली? एखादं आठवं जोडपं फळीला धरून भलतीकडे गेलं असेल."

"कोकणातून वेल्सला?"

"फळीला काय कळतं?"

मला ते जोडपं दिसायला लागलं. ओल्या फळीवर दोघं पाठीला पाठ लावून बसलेली, आफ्रिकेला वळसा घालून, शतकानुशतकं, फार काही न बोलता. बाई म्हणत असेल, तुम्हाला म्हटलं होतं डावीकडे वळा.

पेंडेरिनला चर्चच्या भिंतीला टपालाची लाल पेटी होती. हदासाने ती पाहिली. मी हदासाला पाहताना पाहिलं.

"येताना टाकीन," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

गाडी ठेवून आम्ही पायवाटेला लागलो. धुकं आता खाली, पायांशी आलं होतं आणि वर ऊन पडलं होतं, त्यामुळे आम्ही तिघं कमरेपासून वरच होतो. मेंढ्यांची नुसती डोकी इकडून तिकडे जात होती. गवत इतकं हिरवं होतं की बूट टाकताना संकोच वाटावा. कुठून तरी बारीक गुरगुर येत होती, पण ती पाण्याची, काकांच्या श्वासाची की माझ्या पोटाची, ते ठरत नव्हतं. मी मनात वाक्य घोळवत होतो. सोपं वाक्य होतं. पत्र टाकू नकोस, माझ्याशी लग्न कर. सात शब्दसुद्धा नाहीत. पण घोळवून घोळवून त्याच्या कडा झिजल्या होत्या, आणि असं बिस्कीट मी बाजूला काढलं असतं.

एका कुंपणापाशी म्हातारा उभा होता. टोपी, काठी, पायाशी काळापांढरा कुत्रा. धुक्यातून तो इतका सावकाश उगवला की आधीपासून तिथेच होता की आमच्यासाठी आला, ते सांगता येईना. त्याला इंग्रजी येत असणार, पण बँक हॉलिडेला बोलायचं नसावं.

"गुड मॉर्निंग," काका म्हणाले. "वॉटरफॉल? हाऊ फार?"

म्हाताऱ्याने विचार केला. मग काठी उचलून झाडीकडे दाखवली आणि म्हणाला, "दूर."

काका जागच्या जागी थांबले.

"दूर?" त्यांनी विचारलं.

"दूर, दूर," म्हातारा म्हणाला आणि मान हलवली.

काका आमच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर फक्त क्रिकेटच्या मैदानावर पाहिलं होतं. "ऐकलंस? शुद्ध. एकही उच्चार बिघडलेला नाही. एवढी वर्षं झाली."

मग ते परत वळून हलक्या आवाजात म्हणाले, "युअर नेम, सर?"

"इलायस," म्हातारा म्हणाला.

वारा पडला. निदान मला तसं वाटलं. इलायस म्हणजे एलियाहू, हे मलाही माहीत होतं. काकांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "रथ कुठेय बघ."

कुंपणापलीकडे एक लाल ट्रॅक्टर उभा होता. मी तो दाखवला. काकांनी मान डोलावली, जणू त्यांना मॉडेलसुद्धा अपेक्षित होतं.

"तुम्ही दोघं जा," ते म्हणाले. "तो म्हणतो दूर आहे, म्हणजे दूर आहे. माझ्याच्याने होणार नाही. ज्याच्यासाठी डबा आणला तो इथेच आहे." वाटेकडेला एक सपाट कातळ होता. काकांनी त्यावर रुमाल अंथरला. "प्रार्थनेला दहा पुरुष असते तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि मेंढ्यांची डोकी मोजू लागले.

"मेंढ्या चालत नाहीत, बाबा," हदासा म्हणाली.

"मोजायला काय जातंय."

आम्ही दोघं पुढे निघालो. बरं झालं, मला वाटलं, दूर आहे. एक तास तरी लागेल. पहिली वीस मिनिटं हवापाणी, मग बिस्किटं, मग हळूहळू वाक्य. झाडी सुरू झाली. शेवाळ दगडांवरून झाडांवर चढलं होतं आणि झाडांवरून प्रकाशावर. हदासा पुढे चालत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून मी पावलं उचलली. ती हसत होती.

"काय झालं?"

"दूर म्हणजे पाणी," ती म्हणाली. "वेल्शमध्ये. आमच्या वॉर्डातले म्हातारे दिवसभर दूर, दूर करतात. पहिले दोन दिवस मला वाटलं, मला हाकलतायत. मी लांब जाऊन उभी राहायचे आणि ते बिचारे तहानलेले."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

ती थांबली आणि एक फांदी बाजूला केली. "ते बसले असते का मग?"

फांदीमागे धबधबा होता. आम्ही तीन मिनिटं चाललो होतो.

माझी सगळी वीस मिनिटं समोर कोसळत होती. उंच कातळाच्या छपरावरून पाण्याचा एक रुंद पांढरा पडदा सरळ खाली येत होता, आणि घाई असलेल्या गोष्टी नेहमी दिसतात तसा संथ दिसत होता. नावाचा अर्थ बर्फाचा धबधबा, असं हदासा म्हणाली. पडद्यामागे खडकात अरुंद वाट होती. ती आत गेली. मी मागोमाग.

आत जग उलटं होतं. आपण ज्याला बाहेर म्हणतो ते पाण्याच्या पलीकडे हिरवं होऊन थरथरत होतं. मेंढ्या, डोंगर, रीडिंग, कारखाना, सगळं तिकडे. इकडे कातळ, तुषार आणि हदासा. तिच्या पापण्यांवर थेंब होते. हीच जागा मी पत्रात वाचली होती. मी वाक्य सांगितलं. पूर्ण, न अडखळता.

मला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही. आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मी पाण्याला सांगितलं, आणि पाणी कोसळायच्या कामात होतं.

हदासाने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. एकच शब्द, ओठांचा चंबू झाला आणि मिटला. दूर.

मग ती वळून पलीकडून बाहेर पडली. आम्ही परत निघालो. मी तीन मिनिटांत तीन अर्थ लावले. मराठीत घेतला तर नकार होता. वेल्शमध्ये घेतला तर नुसती माहिती होती. तिसरा आता आठवत नाही.

कातळापाशी ताट जवळजवळ संपलं होतं. इलायस एकेक घास खाऊन "दा" म्हणत होता.

"द्या म्हणतोय," काका म्हणाले आणि आणखी वाढलं. "भूक बघ. किती वर्षांची असेल."

"दा म्हणजे छान," हदासा माझ्या कानात म्हणाली. काकांना तिने तेही सांगितलं नाही.

खाऊन झाल्यावर इलायस डबा घेऊन ओढ्याकडे गेला, घासून आला, आणि काठोकाठ पाण्याने भरलेला डबा त्याने काकांच्या हातात दिला. काका बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले.

"रिकामा डबा परत द्यायचा नाही," ते म्हणाले. "हे कुणी शिकवलं याला?"

पेंडेरिनला काका डबा सांभाळत गाडीत बसले. हदासा पेटीपाशी गेली. मीही गेलो. तिने खिशातून पाकीट काढलं. धबधब्याने ते भिजलं होतं. तिकीट टिकलं होतं, पण शाई पसरून पत्त्याचा निळा ढग झाला होता. ग्लासगो कुठेच नव्हतं.

मला वाटलं, हन्नबी माणूस चांगला आहे.

हदासाने ते भिंतीवर उन्हात वाळत ठेवलं आणि खिशातून पेन काढून मला दिलं. "माझे हात गारठलेत. तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वॉर्ड, रस्ता, ग्लासगो. मी ते ठळक लिहिलं. टपालखात्यातल्या आंधळ्यालाही वाचता आलं असतं. का, ते मला सांगता येणार नाही. अख्ख्या गोष्टींना मी हात लावत नाही, एवढंच.

"तिथे तू दूर म्हणालीस," मी म्हटलं. "ते मराठीत की वेल्शमध्ये?"

"पाणी म्हणाले. तुझ्या पाठीवर धार पडत होती आणि तू तसाच उभा. काही बोलत होतास का?"

"बोलत होतो."

"मला वाटलंच." तिने पाकीट पेटीत टाकलं. आत ते पडल्याचा आवाज अगदी लहान होता. मग ती माझ्याकडे तोंड करून भिंतीला टेकली. "आता बोल. इथे शांत आहे."

वाक्याचा पहिला अर्धा भाग पेटीत गेला होता. मी उरलेला सांगितला.

मेंढी खाकरली.

"ग्लासगो फार दूर आहे," मी म्हटलं.

"खूप दूर आहे. रोज पडतं, म्हणे." तिने केसांतलं पाणी निपटलं. "तिकडे बिस्किटांचे दोन कारखाने आहेत. मी चौकशी केलीय. तुटकी तिथेही निघतात."

"कधी केलीस चौकशी?"

"तू म्हणालास ना, तिकडे थंडी असते. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पेटीवर लिहिलं होतं की सुट्टीच्या दिवशी टपाल उचलत नाहीत. म्हणजे ते पाकीट आज तिथेच, डोंगरात, अंधारात राहणार होतं. मला बरं वाटलं. त्यालाही विश्रांती हवी होती.

आम्ही गाडीत बसलो. या वेळी आरशात पाकिटाचा कोपरा नव्हता, हदासा होती. काकांनी डब्यावर तळहात ठेवला होता, झाकण न लावता.

"राफाएल, सावकाश चालव," ते म्हणाले. "सांडलं तर सिमाला काय दाखवू? मांडीवर दूर घेऊन बसलोय."

मी काकांकडे पाहिलं. ते सरळ समोर धुक्याकडे बघत होते.