चौथा स्क्रू

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास भूपाल मगदूमने कार्ब्युरेटरच्या चौथ्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, अंगाचा सगळा भार देऊन डावीकडे पिळला, आणि दुकान पाव फेरी फिरलं. स्क्रू होता तिथेच राहिला.

फिरताना आवाज झाला नाही. भिंतीवर टांगलेले पान्हे जरा झुलले आणि थांबले. दुकानाचं पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, ते आता शेजारच्या मुल्लांच्या बेकरीच्या भिंतीवर उघडत होतं आणि आत ताज्या टोस्टचा वास येत होता.

"सुटला का?" बाकावर बसलेल्या बार्देस्कर बाईंनी विचारलं.

"न्हाई अजून," भूपाल म्हणाला.

फिलोमिना बार्देस्कर बाई गडहिंग्लजात तीस वर्षं मुलींना पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. मोटारसायकल त्यांची स्वतःची, शहात्तर सालची, आणि चौदा वर्षं बंद पडलेली. आजऱ्याला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. तिला आता माणसं ओळखू येत नसत. पण मागच्या महिन्यात तिने एकाएकी विचारलं होतं, "फिलू, गाडी कुठं लावलीस? आवाज आला नाही." तेव्हाच बाईंचं ठरलं. येत्या रविवारी गाडी चालवत आजऱ्याला जायचं आणि बहिणीच्या खिडकीखाली नेऊन उभी करायची.

इंजिन झालं होतं, ब्रेक झाले होते. राहिला होता तो कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारी मुठीएवढी ॲल्युमिनियमची डबी. तिचा तळ चार स्क्रूंनी बांधलेला असतो. तीन निघाले. चौथ्याच्या डोक्यावरची खाच पार झिजून तिथे एक गुळगुळीत वाटी झाली होती. डबी उघडल्याशिवाय आत साचलेला कचरा निघणार नव्हता, आणि कचरा निघाल्याशिवाय गाडी रस्त्याला लागणार नव्हती.

ती वाटी भूपालच्याच हातून झाली होती. मंगळवारी स्क्रूड्रायव्हर तीनदा घसरला. बाईंना त्याने सांगितलं होतं, जुना गंज आहे.

त्याने स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. दुकान बोटभर खाली बसलं. स्टुलावरच्या रेडिओने खरखर केली आणि पुन्हा बातम्या द्यायला लागला. तेव्हा भूपालच्या लक्षात आलं. स्क्रू काही अंगाला लावून घेत नव्हता. त्याला जे करावं ते दुकान अंगाला लावून घेत होतं. हे कळल्यावर त्याला बरंच वाटलं. कामात काय होतंय ते कळलं की निम्मं काम झालं, असं त्याचं मत होतं.

स्वयंपाकघर दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच होतं, पण ते फिरलं नव्हतं. पत्र्यापलीकडून पद्माचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला. "अहो, चहा झालाय. दार कुठं गेलं?"

"येतंय. जरा दम धर."

"झाकून ठेवते मग."

भूपालने बर्नर पेटवला आणि स्क्रूच्या भोवताली आच दिली. धातू तापला की पसरतो, पसरला की पकड सोडतो. दुकान पसरायला लागलं. भिंती सावकाश मागे सरकल्या, छताचा पत्रा उंच गेला, बाईंचा बाक लांब एका टोकाला जाऊन पोचला. एवढं ऐसपैस दुकान भूपालला कायम हवं होतं. एका अंगाला गाड्या, दुसऱ्या अंगाला इंजिनं, मधे झोपायला जागा. त्याने दोन मिनिटं नुसतं बघून घेतलं.

"मगदूम!" बाई लांबून ओरडल्या. "इथं गार वारा येतोय. छान वाटतंय!"

"बसा की निवांत!"

मग त्याने ओलं फडकं स्क्रूवर ठेवलं. चर्र झालं, वाफ निघाली, दुकान आकसलं. मूळ मापाला येऊन ते थांबलं नाही. बाईंचे गुडघे टेबलाला लागले. पत्रा डोक्यापाशी आला. भिंतीवरचे पान्हे भूपालच्या पाठीत टोचू लागले.

"बसता येतंय न्हवं?" त्याने विचारलं.

"येतंय. तुम्ही तुमचं काम करा."

त्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पिळला. दुकान आणखी पाव फेरी फिरलं. आता ते बरोबर उलटं झालं होतं. पुढचं दार स्वयंपाकघरात उघडलं आणि पद्मा चहाचा ट्रे घेऊन आत आली, पाहुण्यासारखी पुढच्या दाराने. मागचं दार रस्त्यावर उघडलं, आणि त्या दारात, रस्त्यापलीकडे, नेमूचं गॅरेज दिसलं.

नेमू म्हणजे भूपालचा धाकटा भाऊ, नेमगोंडा. अकरा वर्षांपूर्वी दोघं याच दुकानात काम करायचे. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर नेमू म्हणाला होता, "दादा, तुझा हात आता बसत न्हाई. बारीक काम माझ्याकडं दे." त्या दिवसापासून भूपाल त्याच्याशी बोलला नव्हता. नेमूने समोर गॅरेज टाकलं. दोघं दिवसभर एकमेकांना दिसायचे आणि दोघंही बघत नसायचे.

आज नेमू आपल्या पायरीवर उभा होता आणि सरळ आत बघत होता. पुढच्या दारातून त्याला कधी दिसलं नव्हतं ते मागच्या दारातून दिसत होतं. टेबल, शिकंजा, शिकंज्यात धरलेली डबी.

"खाच पाड त्याला," नेमू रस्त्यापलीकडून म्हणाला. "करवतीचं पातं घे आणि डोक्यावर नवी खाच पाड."

भूपालला ते माहीत होतं. बुधवारपासून माहीत होतं. पद्माने ट्रे कुठे ठेवावा म्हणून जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा ती तो हातातच धरून उभी राहिली.

"हात बसत न्हाई माझा," भूपाल म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग बाईंकडे वळला. "गंज न्हवता, बाई. मीच घालवली खाच. मंगळवारी."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मुलींचे हातपाय बघितलेत मी."

"मग माझ्याकडं गाडी कशाला ठेवली?"

"तुम्ही अर्धं सोडत नाही म्हणून."

तोवर नेमू रस्ता ओलांडून आला होता. चपला बाहेर काढून, मान वाकवून, तो मागच्या दाराने आत शिरला, घरचं माणूस शिरतं तसा. हातात पातं होतं. त्याला उभं राहायला जागा भूपालला चिकटूनच होती.

"वैनी, बऱ्या हायसा?"

"हाय की. चहा घेऊन मग काम करा, भावजी."

"आधी काम."

भूपालने डबी दोन्ही हातांनी दाबून धरली. नेमूने पातं स्क्रूच्या डोक्यावर आडवं ठेवलं आणि सावकाश ओढायला लागला. पोलादाचा बारीक भुगा पडू लागला. वर पत्र्यालाही फट पडू लागली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, अगदी सरळ. पत्र्याचा भुगा चहात पडू नये म्हणून पद्माने कपांवर पदर धरला. फटीतून ऊन आत आलं आणि बाईंच्या मांडीवरून गेलं. अकरा वर्षांत दुकानात एवढा उजेड कधी आला नव्हता. भूपालला भावाच्या मनगटाचा जोर आपल्या हातांत जाणवत होता. ते त्याला आवडत होतं. काम लवकर संपू नये असंही एकदा वाटून गेलं.

"पुरे," तो म्हणाला. "आणखी खोल गेलास तर डोकं तुटंल."

नेमू थांबला. फुंकर मारून भुगा उडवला. वर कुठूनतरी वारा आला आणि पत्र्यावरचा भुगा उडून गेला.

"रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर कुठं असतो आता?"

"होता तिथंच. तू ठेवायचास तिथंच."

नेमूने न बघता हात मागे नेला आणि तो काढला. भूपालने त्याची मूठ धरली. तिच्यावर नेमूने आपली मूठ धरली. पद्मा बाईंच्या शेजारी बाकावर दाटीवाटीने बसली आणि तिने एक कप बाईंना दिला. दोन्ही दारं आपोआप बंद झाली.

दोघा भावांनी स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत टेकवलं. तेवढ्यात ऊन गेलं. चौघांनी वर पाहिलं. पत्र्याच्या फटीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करड्या पोलादाची एक प्रचंड कड आकाशातून उतरत होती. ती फटीत शिरली, थोडी डावी-उजवी झाली आणि बसली. केसभरही सैल नव्हती. पत्रा मजेत कुरकुरला.

"बसलं?" नेमूने विचारलं.

"बसलं."

बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप पद्माकडे दिला आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पिळा," त्या म्हणाल्या.