चेरीच्या झाडावरून उतरलेली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, सीडी म्हणतात ती. दिसायला आरशासारखी, पण पाठीवर इतके ओरखडे की तोंड धड दिसत नाही. माझ्या पोटात संगणक चालवणारी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. हसू नका! एके काळी माझ्याशिवाय संगणकाचं पान हलत नसे.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात मर्ल थिबोचं मेपलचं रान आहे. हिवाळा सरता सरता झाडांचा रस नळ्यांतून साखरघरात येतो आणि तिथे आटवून त्याचा पाक करतात. मर्लच्या बायकोने, अडेलने, मला घरी आणलं. नळी कुठे गळते ते दाखवणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता आणि तो माझ्याच सिस्टिमवर चाले. पंधरा हंगाम आम्ही ते रान सांभाळलं. लोक कौतुक अडेलचं करत. मी त्यातलं थोडं माझंही धरून घेई.

पण सिस्टिम एकदा संगणकात बसली की तबकडीला कोण विचारतो? अडेल वारली. त्या उन्हाळ्यात मर्लने मला दोरी बांधून चेरीच्या झाडावर टांगलं, पाखरं हाकलायला. मी कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं. पाखरं दोन दिवस घाबरली. तिसऱ्या दिवशी माझ्याच दोरीवर येऊन बसू लागली. फार वाईट वाटलं हो.

गेल्या मार्चमध्ये, ऐन रस सुटायच्या तोंडावर, जुना संगणक साखरघरातल्या इतक्या वर्षांच्या वाफेने बंद पडला. मुलगी कॉरिन नवा घेऊन आली.

"बाबा, नवाच प्रोग्राम घेऊ या. फोनवरसुद्धा दिसेल."

"तुझ्या आईचा चालला तर चालव. नाहीतर यंदापासून हे रान बंद."

"काय हा हट्ट! खेचरसुद्धा कधीतरी ऐकतं."

"मग जा, खेचराला समजाव."

कॉरिनने बिघडलेल्या संगणकातून प्रोग्राम कसाबसा काढून घेतला. आईची तबकडी तिने ओळखली, मला झाडावरून सोडवलं, साबणाने धुतलं. पण नव्या संगणकाला तबकडी घालायला जागाच नव्हती! तिने शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मी आत गेले आणि गोंधळले. नव्या संगणकाची एवढी मोठी डिस्क समोर, पण मला ती दिसेचना. माझ्या काळात तसलं काही नव्हतंच. तीनदा पडदा निळा पडला. शेवटी कॉरिनने नव्याच्या सेटिंगमध्ये शिरून त्याला जुन्या पद्धतीने वागायला लावलं. खरं सांगते, बिचाऱ्याने मुकाट्याने ऐकलं. तेव्हा कुठे आमचं जमलं.

मग मी माझा परवान्याचा क्रमांक मागितला. पंचवीस अक्षरं आणि आकडे! तो छापलेलं वेष्टन केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. कॉरिन डोक्याला हात लावून बसली.

मर्ल उठला आणि साखरघराच्या भिंतीपाशी गेला. त्या भिंतीवर दरवर्षी पहिल्या उकळीची तारीख पेन्सिलीने लिहितात. अडेल गेल्यापासून तो तिकडे बघायचं टाळत असे.

"तुझी आई सगळं इथेच लिहायची," तो म्हणाला आणि तिच्या हातचं एकेक अक्षर वाचू लागला. कॉरिन ते टाइप करत गेली.

सिस्टिम बसली. अडेलचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर पहिलीच ओळ आली : 'मर्ल, आधी टोपी घाल.'

"हे रोज यायचं?" कॉरिनने विचारलं.

"रोज."

"मग आधी सांगायचं ना, बाबा!"

खाली सातवी नळी लाल झाली, म्हणजे गळत होती. मर्लने डोळे पुसले, खुंटीवरची टोपी घातली आणि तो बर्फात निघाला.

आता मी त्याच भिंतीवर, तारखांशेजारी, खिळ्याला असते. 'इंटरनेट जोडू नये' असं कॉरिनने संगणकावर लिहून ठेवलंय. या वयात बाहेरचं वारं आम्हाला सोसत नाही. मित्रांनो, जुनं सगळंच जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण एखादी तबकडी झाडावर टांगण्याआधी, तिच्यावाचून कुणाचं काय अडेल, एवढं विचारत जा.

यंदा सगळ्या चेरी पाखरांनी खाल्ल्या. तरी मर्लने मला खिळ्यावरून काढलं नाही.