माझ्या पोटातला बुडबुडा

मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. त्या सकाळी मी मिंकोच्या अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर बारा तुकड्यांत पसरलो होतो: एक ओतीव लोखंडी धड, एक पिस्टन, त्याच्याभोवती घट्ट बसणारी एक रबरी कडी, धूळ अडवणारी एक रबरी टोपी, दोन ब्रेक पॅड, मला धरून ठेवणारा एक कंस, मी ज्यांवर सरकतो त्या दोन पिना, त्यांच्या दोन छोट्या टोप्या आणि हवा काढण्याचा एक स्क्रू.

माझं काम सोपं आहे, मित्रांनो. गाडीत कुणी पेडल दाबलं की नळीतून तेल येतं आणि पिस्टनला ढकलतं. मग पॅड फिरत्या चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून हे जमतं. हवा मात्र आकसते. एवढं लक्षात ठेवा.

भट्टीतल्या लाल रसातून मी साच्यात उतरलो आणि बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरात मिंकोच्या गाडीला पुढच्या डाव्या चाकावर लागलो. बटाट्याची पोती आणि चीजचे डबे भरून आम्ही किती वेळा घाट उतरलो असू! खाली पोचल्यावर मिंको बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास, म्हातारे!" थाप इंजिनाला मिळायची. मला हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ मिळायचं. माझी टोपी फाटली, पाणी आत शिरलं, पिस्टन गंजला. ब्रेकचं तेल बदलायचं असतं, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

शेवटी मी पकडलेली चकती सोडेनासा झालो.

हे झोर्नित्साने ओळखलं. मिंकोची ही लेक बरीच वर्षं जर्मनीत प्रयोगशाळेत काम करते. आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती रजा घेऊन आली होती. घाटाखालच्या बसथांब्यावरून मिंकोच्या गाडीतून घरी येताना तिला जळका वास आला. आई दही लावताना दुधावर रोखते तो बंदुकीसारखा तापमापक तिने आणला आणि चाकांवर रोखला. उजवी चकती चौऱ्याहत्तर अंश. डावी दोनशे एकतीस.

"बाबा, आईला घाटातून या गाडीतून नेणार होतात?"

"मग काय गाढवावरून नेऊ? घाटातली बस बंद झाली. उद्याची तारीख चुकली तर पुढची बर्फ वितळल्यावर. तोवर तिचा दुसरा डोळाही जाईल."

म्हणून मी सुटा झालो होतो. मिंकोने माझ्या तोंडाशी लाकडाचा ठोकळा धरला आणि मागून दाबाची हवा सोडली. पिस्टन गोळीसारखा सुटून ठोकळ्यावर आदळला. बोटं मध्ये असती तर गेलीच असती. गंजाने पिस्टनला खड्डे पडले होते. त्याच्या जागी नवा आला. जुनी कडी लाकडी काडीने काढली, कारण लोखंडी टोकाने खाचेला ओरखडा पडला असता. खाच पुसली, नवी कडी ब्रेकच्या तेलात बुडवून बसवली, पिनांना ग्रीस लावलं. मी पुन्हा चाकावर चढलो.

आता माझ्या पोटातली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. झोर्नित्सा गाडीत पेडलवर, मिंको खाली माझ्या स्क्रूपाशी. तिने दाबून धरायचं, त्याने स्क्रू उघडून बंद करायचा, मगच तिने सोडायचं. पण शेजारी हिवाळ्याची लाकडं कापत होता. त्याच्या करवतीपुढे कुणाचं काही ऐकू येईना. बापलेक खुणांवर आले.

काही वेळाने मिंको उठला. काचेतून त्याने बोटं चिमटून दाखवली: पेडल अजून मऊ लागतंय का?

झोर्नित्साने मान वर-खाली हलवली.

मित्रांनो, आमच्या डोंगरात "हो" म्हणताना मान डावी-उजवीकडे हलते, आणि "नाही" म्हणताना वर-खाली. मिंकोने "नाही" वाचलं, अंगठा दाखवला आणि पान्हा पुसून ठेवला. झोर्नित्साला वाटलं, इंजिन सुरू झाल्यावर पेडल कडक होत असेल, बाबांना ठाऊक. बुडबुडा माझ्या पोटातच होता. मला ओरडता येत नाही.

अंगण उताराचं आहे. फाटकाचा अडसर काढायला आई, स्तांका, चाचपडत पुढे गेली होती. एक फेरी मारून पाहायला झोर्नित्साने गाडी उतारावर सोडली, पेडल दाबलं. तेल आलं, पण त्याने मला दाबलंच नाही. बुडबुडा आकसला आणि पेडल तळाला गेलं. फाटक जवळ आलं. स्तांकाची पाठ जवळ आली.

"आई!"

झोर्नित्साने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागची चाकं खडीवर घसरत थांबली. स्तांकाने वळून हात पुढे केला, तो थेट बॉनेटला लागला.

"आलात होय? मला वाटलं, अजून वरच आहात."

करवत थांबली होती. मिंको धावत आला.

"मऊ नाही म्हणालीस ना!"

"हो म्हणाले मी! मान हलवली की!"

"वर-खाली हलवलीस! ते नाही होतं!"

"तिकडे जर्मनीत ते हो असतं..."

"मग मान तिकडेच राहिली का? बाकीची तेवढी इकडे आलीस?"

स्तांकाने काठी आपटली. "पुरे. तुमच्या माना मला तशाही दिसत नाहीत. तोंडं आहेत ना? तोंडाने बोला. आणि तू रे शेजाऱ्या, करवत चालू केलीस तर याद राख!"

गाडी वर ढकलली गेली. स्तांका मधोमध उभी राहिली.

"धर!"

"धरलंय!"

"बंद केला. सोड!"

स्क्रूला लावलेल्या पारदर्शक नळीतून द्राक्षाएवढा बुडबुडा निघाला. मग बारीक बारीक. मग नुसतं तेल.

"मऊ आहे का गं?" स्तांकाने विचारलं.

"नाही, आई. दगडासारखं आहे." तरीही अंगणातून बाहेर पडण्याआधी तिने तीनदा थांबून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझे भाऊबंद चाकाआड अंधारात बसलेले असतात. त्यांच्या फाटक्या टोप्या वेळीच बदला, तेल बदला. आणि कुणाचा जीव तुमच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर ते उत्तर मानेवर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घाट उतरलो. दरीच्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला. झोर्नित्साने पेडल दाबलं. मी चकती पकडली आणि गाडी जागच्या जागी थांबली. प्लोव्हदिव शहरात रुग्णालयाच्या आवारात मिंको स्तांकाचा हात धरून पायऱ्या चढू लागला. झोर्नित्सा मागे राहिली, चाकांपाशी वाकली आणि दह्याचा तापमापक रोखला.

उजवी चकती शहाण्णव अंश. डावी अठ्ठ्याण्णव.