चौथ्या पानावरचं घरटं

घरामागच्या पट्टीत हिरवळ काही जगेना, तेव्हा मी मुलाला भीतभीतच सुचवलं होतं, इथलंच रानगवत लावू. त्याला पाणी नको, खत नको. वर्षातून एकदा, बी झडून गेल्यावर कापलं की झालं. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घातलेल्या माणसाचा सल्ला, पण त्यानं मान डोलावली. एवढंच म्हणाला, पसारा होऊ देऊ नका.

पसारा झालाच. तिसऱ्या वर्षी गवत खांद्याला लागलं. तांबूस तुरे वाऱ्यानं एका अंगाला कलले की माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटायचं. शेजारचे वकील मात्र कुंपणावरून मुलाला विचारायचे, "वडिलांनी दाढी परसात वाढवली का हो?" मुलगा हसून वेळ मारून न्यायचा आणि आत येऊन मोज्यांतली कुसळं उपटत बसायचा, माझ्याकडे न बघता.

यंदा त्या गवतात मुनियांनी घरटं केलं. नारळाएवढा गवताचाच गोळा, बाजूला भोक, आत पाच पिल्लं. ती उडायला अजून दहा दिवस तरी हवे होते. आणि रविवारी मुलाच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. त्याआधी मागचं सगळं साफ करायला त्यानं शनिवारी मशीनवाला बोलावला होता.

सूनबाई म्हणाली, "बाबा, त्याला तोंडानं सांगा. ऐकेल तो."

मी चार पानांचं पत्र लिहिलं. गवताची मुळं, किड्यांची अंडी, कापणीचा काळ, सगळं क्रमवार. घरटं चौथ्या पानावर आलं. मुलानं वाचतो म्हणून पत्र बॅगेत टाकलं.

शनिवारी तो सामान आणायला गेला होता. मशीनवाल्यानं खांद्यावर पट्टा चढवला, पण गवताजवळ येऊन थबकला.

"आजोबा, हे मुद्दाम लावलेलं दिसतंय. कापू ना?"

नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नुसत्या माझ्या शब्दावर त्यानं काम का थांबवावं? थांबा, पुस्तक दाखवतो, असं सांगून मी आत गेलो. पान सापडलं: पिल्लं असताना कापू नये. पण पुस्तक जुनं होतं. खात्रीसाठी दुसरं काढलं. त्यात होतं, थंडी सरताच कापणी उरकावी. थंडी तर सरली होती. तिसरं काढायला मी स्टुलावर चढलो आणि बाहेर मशीन सुरू झालं. बिचाऱ्यानं वीसेक मिनिटं वाट पाहिली होती.

ओरडता आलं असतं. मी स्टुलावरच उभा राहिलो. पट्टी लहान, फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी मुलानं पत्र काढून वाचलं. चौथ्या पानावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "हे पहिल्या ओळीत लिहायचंत ना, बाबा." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

रविवारी पाहुण्यांना मागची मोकळी जागा आवडली. सूनबाईनं घरटं झटकून माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं होतं. एका बाईंनी ते हातात घेऊन कौतुकानं फिरवलं आणि कुठून आणलंत, म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, परसातच मिळालं.

"रिकामंच होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलगाही.

"हो," मी म्हणालो.