गालिच्याबाहेरची जमीन

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही कोणी स्वस्थ बसले नव्हते. कोणाचा हात थरथरत होता, कोणाची मान. ज्यांना काही झाले नव्हते, त्यांची बोटे त्या थरथरणाऱ्या हातांभोवती चुळबुळत होती. मंचावर काळा गालिचा अंथरलेला होता आणि त्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या होत्या. गालिच्याच्या एका टोकाला माझे वडील उभे होते.

अण्णा शिंपीकाम करत. कंपवाताने आधी त्यांच्या हातातली कात्री सोडवली आणि मग त्यांचे पाऊल धरून ठेवले. चालता चालता ते थबकत, जणू कोणी तळवे जमिनीला शिवून टाकले आहेत.

आहारगुरूंनी त्यांच्या जिभेवर चमचाभर भुकटी ठेवली.

"औषध रोगाशी भांडतं, मंडळी. आहार त्याची समजूत काढतो. ही भुकटी मेंदूत जाते, बसते, चार शब्द विचारपूस करते." लोक हसले. "आता पट्ट्यांकडे बघा. एकेक ओलांडा. मंडळी, टाळ्या, एका ठेक्यात."

टाळ्या सुरू झाल्या आणि अण्णा चालू लागले. ते थेट दुसऱ्या टोकापर्यंत, तरुणासारखे, गेले. आत्या पदर डोळ्यांना लावून बसली. माझ्याही डोळ्यांपुढे तो गालिचा धूसर झाला.

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?" आत्याने विचारले.

"बंद. गोळी आणि आहार एकमेकांचे पाय ओढतात."

घरी तोच चमचा होता, तीच भुकटी होती, पण उंबऱ्यापाशी अण्णा खिळून उभे राहत. दिवसागणिक ते लाकडासारखे ताठत गेले. पाण्याचा घोटही अडखळू लागला.

"गोळी सुरू करू या, अण्णा. अशी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"तिथं चाललो ना मी?" त्यांचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. "तू पाहिलंस."

पाहिले होते. आता उरली होती ती फक्त एक तगमग, दुकानातल्या यंत्रासारखी, कापड संपले तरी सुई खालीवर करत राहणारी.

भुकटीची डबी संपली, म्हणून एका सकाळी आम्ही दोघे नवी आणायला निघालो. पदपथावर अण्णा अडकले. माणसे खांदे घासत पुढे गेली. कसेबसे त्यांना कडेपर्यंत आणले आणि रस्ता ओलांडण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल पडताच त्यांनी धरलेला माझा हात सुटला. अण्णा माझ्या पुढे गेले होते. पलीकडच्या सपाट पदपथावर ते पुन्हा थिजले.

त्या दिवशी भुकटीचा कणही त्यांच्या पोटात नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "या आजारात चालण्याचा आतला ठेका हरवतो. समोर आडव्या रेघा दिसल्या किंवा कानावर ताल आला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाऊल उचलतो. आम्ही व्यायामात हेच शिकवतो."

"मग त्यांची भुकटी?"

"ती गालिच्यावर चालते," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या वडिलांना सांगू नका. दाखवा."

चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. तरीही पुढच्या सभेत, अण्णांच्या जिभेवर भुकटी पडल्यावर, मी मंचाजवळ गेलो. "आज गालिच्याच्या बाजूनं चालू द्याल? टाळ्यांशिवाय?"

"शंकेखोर पोरगा दिसतोय," गुरू गर्दीकडे पाहून हसले. "शंकेच्या नुसत्या वाऱ्यानं आहार नासतो, बाळा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर दुसऱ्याचे माप घेतलेली ती नजर होती. "चालतो बाजूनं," ते म्हणाले आणि गालिच्यावरून खाली उतरले.

सपाट फरशीवर त्यांचे पाऊल उचललेच नाही.

"पाहिलंत? नासला आहार," गुरू म्हणाले.

"मग तो गालिच्यावरही नासायला हवा," मी पुटपुटलो.

"काय म्हणतोय हा?" पहिल्या रांगेतून कोणी विचारले.

आत्या उठली. मला वाटले, आता माझी खरडपट्टी. "तो म्हणतोय, नासलेला आहार गालिच्यावरही नासलेलाच राहील," तिने खणखणीत आवाजात सांगितले. "आणि मलाही तसंच वाटतंय."

अण्णांच्या खिशात सवयीने कापडावर खुणा करायचा खडू असे. तो घेऊन मी फरशीवर आडव्या रेघा ओढल्या. अण्णा त्यांवरून चालत गेले. भुकटीच्या रांगेत, असेच पाऊल अडणारा एक निवृत्त पोस्टमन होता. त्याला भुकटी अजून मिळायचीच होती. तोही उठला आणि रेघा ओलांडत पलीकडे पोचला. तिथून तो गुरूंच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिला.

"उद्या या, सविस्तर सांगतो," गुरू म्हणाले आणि गालिचा गुंडाळू लागले.

अण्णांनी डॉक्टरीणबाई सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आजार गेलेला नाही. तो जाणाराही नाही, आणि रेघांनी तो बरा होतो असे मी म्हणालो, तर मीही एक गुरूच ठरेन. पूरक म्हणून काही घ्यावेसे वाटले, तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे. चालू गोळ्या कोणाच्याही शब्दावर सोडू नयेत. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर एवढेच म्हणावे: गालिचा काढून पुन्हा दाखवा.

आमच्या उंबऱ्यापाशी मी रोज सकाळी रेघा ओढतो. काल अण्णा त्यांच्यापुढे थांबले, तेव्हा मी घाबरून हात पुढे केला.

"अडकलो नाही रे," ते म्हणाले. "तिसरी वाकडी आलीय. पूस आणि नीट ओढ."